साठ पडदे की दहा गावं? एका अहिराणी चित्रपटाच्या वितरणाचं प्रकरण

चित्रपट तयार आहे. लांबी १०८ मिनिटं, शूटिंग शिरपूर आणि चोपडा तालुक्यात, संवाद बहुतेक अहिराणीत आणि शाळा-कचेरीचे प्रसंग तेवढे प्रमाण मराठीत. कथा कापूस उत्पादक कुटुंबाची. चेहरे सगळे स्थानिक. त्यातला एकच विनोदी नट यूट्यूबमुळे खान्देशभर ओळखीचा. अमळनेरच्या तिघा भागीदारांचे २४ लाख रुपये खर्च झालेत आणि प्रदर्शनासाठी आणखी ५ लाख उभे करण्याची त्यांची तयारी आहे. त्यापलीकडे कर्ज काढावं लागेल. प्रकरण नमुन्याचं आहे. माणसं आणि रकमा हिशेब दाखवण्यासाठी धरल्या आहेत. कायदे, कराचे दर आणि धंद्याच्या रीती मात्र खऱ्याच आहेत.

भागीदारांसमोर तीन प्रस्ताव आले. मुंबईचा एक वितरक म्हणतो, महाराष्ट्रभर ६० पडद्यांवर लावू. प्रसिद्धी आणि डिजिटल शुल्काचे २५ लाख निर्मात्याने घालायचे, वर त्याचं कमिशन १५ टक्के. अहिराणी गाण्यांचं चॅनल चालवणारा एक जण ४ लाख रोख देऊन ‘सर्व हक्क’ मागतो. तिसरा ओटीटी एजंट. तो दीड लाख ‘डिलिव्हरी फी’ घेऊन चित्रपट मंचांवर चढवून देणार, आणि पैसे प्रेक्षकांनी पाहिलेल्या तासांप्रमाणे येणार.

तिन्ही भागीदारांचा ओढा पहिल्या प्रस्तावाकडे होता. साठ पडदे हा आकडा ऐकायलाच भारी वाटतो.

साठ पडद्यांचा हिशेब

मल्टिप्लेक्समध्ये तिकीट १५० रुपये धरू. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, तो काढला की उरतात १२७ रुपये १२ पैसे. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ च्या संपानंतर जी वाटणी ठरली, त्यात पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि ३० अशी उतरती भाजणी आहे. छोट्या चित्रपटाला पहिल्या आठवड्याचे ५० मिळाले तरी खूप. म्हणजे तिकिटामागे ६३ रुपये ५६ पैसे. त्यातून वितरकाचे १५ टक्के गेले की हातात ५४ रुपये.

२५ लाख भागिले ५४ म्हणजे सुमारे ४६,३०० तिकिटं. ६० पडदे, रोज एक खेळ, सात दिवस, असे ४२० खेळ. दर खेळाला ११० माणसं बसली, तर फक्त प्रसिद्धीचा खर्च सुटतो. शूटिंगच्या २४ लाखांतला एक रुपयाही अजून परत आलेला नाही.

आणि ते खेळ कुठे, किती वाजता? मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्यावा, असं राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवलं. पण वादानंतर प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळही त्यात बसतो. साठातले चाळीस पडदे कोल्हापूर, सोलापूर, ठाणे, नागपूर असे असतील, तर तिथल्या माणसाला ‘शे’ आणि ‘व्हतं’ कळण्याआधीच मध्यंतर होईल. शनिवारी सकाळी आकडे पाहून रविवारीच खेळ उतरवायला सुरुवात होते. वितरकाचं कमिशन तिकिटावर असलं तरी त्याने स्वतःचा पैसा घातलेला नाही. बुडाले तर २५ लाख निर्मात्याचेच. वितरक लबाड असतो असं इथे म्हणायचं नाही. मोठी नावं असलेल्या चित्रपटाला हाच मार्ग बरोबर ठरतो. या चित्रपटाला नाही.

प्रेक्षक नेमका कुठे आहे

खान्देश म्हणजे अहिराणी, हे समीकरण मुंबईत चालतं, भुसावळात चालत नाही. जळगावच्या पूर्वेला यावल, रावेर, भुसावळ हा केळीचा पट्टा लेवा गणबोलीचा. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे भिली, पावरी. अहिराणीचा खरा पट्टा धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, पारोळा, एरंडोल, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, नंदुरबार असा. शिवाय नाशिक जिल्ह्यातला कसमादे, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. दहा गावं निवडायची ती यातूनच. रावेरला चित्रपट लावायचाच असेल तर शेवटी, पदरचं भाडं न घालता टक्केवारीवर.

दुसरा प्रेक्षक गाव सोडून गेलेला. सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत खान्देशी वस्ती एवढी दाट आहे, की तालुक्याच्या दोन गावांचा प्रेक्षक एका नाक्यावर मिळतो. मग पिंपरी-चिंचवड आणि भोसरी, नाशिकचं सातपूर-अंबड, कल्याणपलीकडचा पट्टा. या माणसाला चित्रपटगृहात आणायला पोस्टर लागत नाही, गावाकडच्यांच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

इथे वितरणाच्या भूगोलाची एक जुनी गाठ आहे. भुसावळ हे रेल्वे जंक्शन असल्यामुळे रिळांच्या पेट्या तिथून चारी दिशांना जात आणि त्यामुळे सीपी-बेरार सर्किटचे, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाड वितरण विभागाचे, वितरक तिथे बसले. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य कार्यालयही भुसावळलाच. सुरत मात्र मुंबई सर्किटमध्ये मोडते. पेट्या गेल्या, उपग्रहावरून चित्रपट उतरायला लागले, तरी बुकिंगच्या सवयी त्याच. म्हणून प्रत्येक थिएटरच्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमचं बुकिंग कोण बघतं, आणि कुठून? काही ठिकाणी मालक स्वतः ठरवतो, काही ठिकाणी वर्षभराचं बुकिंग एका बुकरकडे दिलेलं असतं आणि मालकाच्या ‘हो’ला किंमत नसते. संघटनेत नोंदणी केल्याशिवाय चित्रपट लागणार नाही असं कुणी म्हणालं, तर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये प्रादेशिक संघटनांच्या अशा सक्तीविरुद्ध आदेश दिलेला आहे हे माहीत असावं. भांडायला जाऊ नये. नोंदणीचा खर्च थोडा असेल तर करून मोकळं व्हावं. दहा गावांशी पुढेही संबंध ठेवायचा आहे.

दहा गावांचा हिशेब

तालुक्याच्या गावात बरीच एकपडदा थिएटरं बंद पडली. जी चालू आहेत त्यांना आठवड्यातले तीन-चार दिवस भरायची चिंता असते. तिथे टक्केवारीपेक्षा खेळामागे भाडं ठरवणं परवडतं. भाडं ५,००० रुपये, डिजिटल कंपनीचं शुल्क ५०० रुपये, तिकीट ८० रुपये धरू.

तिकिटाच्या दरात एक बारीक गोम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी, त्यावर गेलं की १८. १०० रुपयांच्या तिकिटात करानंतर ९५ रुपये २४ पैसे उरतात. ११० रुपये लावले तर ९३ रुपये २२ पैसे. प्रेक्षकाने दहा रुपये जास्त द्यायचे आणि आपल्याला दोन कमी मिळायचे. ११३ च्या आत आणि १०० च्या वर दर लावण्यात काही अर्थ नाही. बाल्कनी १००, खाली ८०, हे इथलं सरळ गणित. पुढचा हिशेब सोयीसाठी सगळी तिकिटं ८० चीच धरून केला आहे.

८० रुपयांतले ७६ रुपये १९ पैसे हातात येतात. गावामागे चार दिवस, रोज दोन, असे ८ खेळ. दहा गावांचे ८० खेळ. भाडं सोडून बाकीचा खर्च असा धरला: डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) आणि अपलोड ४५ हजार, सेन्सॉर आणि वकील ६० हजार, आवाजाचं नव्याने मिश्रण ५० हजार, प्रसिद्धी गावामागे १२ हजार म्हणजे १ लाख २० हजार, आणि प्रतिनिधीचा प्रवास व मुक्काम ६० हजार. एकूण ३ लाख ३५ हजार. ८० खेळांवर वाटला की खेळामागे सुमारे ४,१९० रुपये. त्यात भाडं आणि शुल्क मिळवून ९,६९० रुपये. म्हणजे खेळामागे १२८ तिकिटं गेली की बरोबरी.

आता ११० आणि १२८ शेजारी ठेवून पहिल्या प्रस्तावावाला म्हणेल, बघा, माझ्याकडे कमीच लागतात. फसगत इथे होते. तिकडे एकूण ४६ हजार माणसं हवीत, इकडे सव्वादहा हजार. तिकडे २५ लाख शुक्रवारच्या आधीच गेलेले असतात. इकडे तीन गावांनंतर थांबता येतं, आणि थांबल्यावर सातांचं भाडं व प्रसिद्धी वाचते. खेळही संध्याकाळी सहा आणि रात्री नऊचे. सरासरी १८० माणसं बसली तर खेळामागे भाडं-शुल्क जाऊन ८,२१४ रुपये उरतात. दहा गावांचे साडेसहा लाख, खर्च वजा जाता सव्वातीन लाख. सरासरी १२० वर अडकली तर सुमारे ४४ हजारांचं नुकसान. २४ लाख थिएटरातून वसूल होणार नाहीत, हे भागीदारांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं लागलं. थिएटरातून मिळवायचं ते थोडे पैसे आणि मोठा पुरावा. शिक्का मारलेले रोजचे डीसीआर, म्हणजे तिकीटविक्रीचे अहवाल, हाताशी असले की टीव्ही वाहिनीसमोर बोलताना आवाज वेगळा निघतो.

पाच लाखांतून ३ लाख ३५ हजार वजा केले की १ लाख ६५ हजार राहतात. दहा गावांचं भाडं एकदम आगाऊ द्यायचं नाही. चार गावांची निम्मी रक्कम ८० हजार. ती फिरवत राहायची आणि ८५ हजार अडीअडचणीला ठेवायचे.

कागद आधी

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर भरायचा. २०२४ च्या नियमांनी यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. शेतकऱ्याच्या आत्महत्येचा प्रसंग असल्याने यू मिळेल या आशेवर पोस्टर छापू नये. ‘ए’ टाळायचा, कारण तसा चित्रपट टीव्हीवर जात नाही.

तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, जनावरं. पोळ्याचा प्रसंग आहे, बैलजोडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची असते आणि नंतर त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ‘आमच्याच घरचे बैल’ हे उत्तर चालत नाही. या प्रकरणात बैलांची परवानगी होती, घोड्याची नव्हती. दोन मिनिटांचं दृश्य काढून टाकणं हाच शहाणपणा; महिनाभर पत्रव्यवहार केला असता तर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयाच, निघून गेली असती.

दुसरं, बिडी. पडद्यावर तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्य फीत, २० सेकंदांचा दृक्श्राव्य इशारा, आणि ओढत असताना खाली स्थिर मजकूर. म्हातारा आख्ख्या चित्रपटात बिडी ओढतो, तेव्हा मजकूर आख्ख्या चित्रपटात. संकलनाच्या टेबलावरच लावून घ्यावा.

तिसरं, भाषेची नोंद. मराठी की अहिराणी? राष्ट्रीय पुरस्कारांत आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे अहिराणी नोंदीचा उपयोग. राज्याचं अनुदान आणि मल्टिप्लेक्सचा प्राइम टाइम मात्र मराठी चित्रपटांसाठी. या चित्रपटाचा पैसा टीव्ही आणि अनुदानाच्या बाजूला आहे, म्हणून आम्ही मराठी नोंदीच्या बाजूचे. अर्जाआधी सेन्सॉरच्या मुंबई कार्यालयाकडून आणि गोरेगावच्या चित्रनगरीत असलेल्या राज्याच्या चित्रपट महामंडळाकडून लेखी उत्तर घेऊन ठेवावं. मानाचा प्रश्न म्हणून भागीदारांमध्ये यावर जोरदार वाद होतो, आणि तो व्हायला हरकत नाही. फक्त अर्ज भरण्याआधी व्हावा.

महोत्सवांचं थोडक्यात. पुण्याचा आणि छत्रपती संभाजीनगरचा जानेवारीत, गोव्याचा इफ्फी आणि त्याला जोडून भरणारा फिल्म बाजार नोव्हेंबरात. दोन-तीन ठिकाणी प्रवेश शुल्क भरून बघावं, निवड झाली नाही तर पुढे चालावं. परदेशी महोत्सवांच्या नावाने प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांकडे पैसे घालवू नयेत. पोस्टरवर महोत्सवांची बारा बोधचिन्हं, त्या गव्हाच्या लोंब्या, छापून पारोळ्यात एक तिकीट जास्त जात नाही.

तांत्रिक बाजू: २५ फ्रेमचा घोळ

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या चमूने चित्रपट केला की तो बहुधा सेकंदाला २५ फ्रेमवर असतो. डीसीपीची सगळीकडे चालणारी गती २४. जुने सर्व्हर २५ ची फाइल एकतर घेत नाहीत किंवा अडखळत दाखवतात. लॅबने नुसती गती कमी केली तर १०८ मिनिटांचा चित्रपट ११२ मिनिटं ३० सेकंदांचा होतो, आवाज चार टक्क्यांनी जड होतो, आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरची लांबी आणि पडद्यावरची लांबी जुळत नाही. म्हणून २४ वर रूपांतर आधी, आवाजाचा सूर दुरुस्त करून. मग तीच प्रत सेन्सॉरला. उलट क्रमाने केलं की पैसे दोनदा जातात.

चौकट १९९८ × १०८० किंवा स्कोप २०४८ × ८५८. यूट्यूबची १९२० × १०८० चौकट तशीच दिली तर बाजूला काळ्या पट्ट्या दिसतात. फार बिघडत नाही, पण हौशीपणा दिसतो. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ५.१. संवाद मधल्या स्पीकरमध्येच ठेवायचे. घरच्या स्टुडिओत स्टिरिओ मिश्रण करून ते सहा ट्रॅकवर पसरवलं, की तालुक्याच्या थिएटरात बाजूचे स्पीकर मेलेले असतात आणि अर्धे संवाद त्यांच्याबरोबर मरतात. शिवाय मिश्रण थिएटरच्या आवाजयंत्रावरच्या ७ या ठरलेल्या आकड्यावर होतं आणि ऑपरेटर ते साडेचार-पाचवर वाजवतो, कारण मोठ्या हिंदी चित्रपटांनी त्याचे कान बसवलेले असतात. उपाय एकच: सकाळी नऊला थिएटर दोन तास मागून घ्या, पहिली दोन रिळं पूर्ण आवाजात ऐका, आणि ऑपरेटरच्या केबिनमध्ये आकडा लिहून चिकटवा. चहापाण्याचे पन्नास रुपये हाही प्रसिद्धीचाच खर्च.

मल्टिप्लेक्समध्ये कुलूपबंद डीसीपीला केडीएम लागतो, म्हणजे त्या सर्व्हरपुरती आणि त्या वेळेपुरती किल्ली. वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे भरली जाते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, हे विसरून सकाळी ९ च्या खेळाची किल्ली दुपारी अडीचला उघडते आणि उधन्यात दोनशे माणसं बाहेर उभी. किल्ली खेळाच्या आदल्या दिवसापासून मागावी. पुण्या-मुंबईच्या खेळांसाठी प्रमाण मराठी उपशीर्षकांची वेगळी आवृत्ती-फाइल मूळ डीसीपीवर चढवायची. शिरपूरला उपशीर्षकं दिसली तर लोक हसतील.

तारीख

कापूस वेचणीच्या दिवसांत गावात कुणाला सवड नाही. दिवाळीत सुरतचे लोक घरी येतात, पण तेव्हा थिएटर मोठ्या हिंदी चित्रपटाकडे असतं. उरतात दोन मोसम: अखाजी आणि श्रावणातला खान्देशी देवीचा उत्सव, कानबाई.

अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरात पाहुणे असतात. या कथेत माहेर हाच कणा आहे. म्हणून सहाचा खेळ बायकांसाठी धरायचा. गटाने दहा तिकिटं घेतली की अकरावं फुकट. पुरुष त्या दिवसांत पत्त्यांच्या फडावर बसलेले असतात, ते नऊच्या खेळाला येतील तर येतील. दुपारचे खेळ नकोत, पारा ४५ कडे असतो आणि थिएटरचा कूलर आवाजापुरताच. अडचणी दोन: लग्नसराई आणि आयपीएल. लग्नाची दाट तारीख पंचांगात बघून त्या दिवशी खेळ ठेवू नये. क्रिकेटचं काही करता येत नाही.

कानबाईला गावी येणारा माणूस दोन दिवस रोट आणि पूजेत असतो. सोमवारी विसर्जन झालं की परततो. तो मोसम थिएटरपेक्षा यूट्यूबला चांगला. त्याचा उपयोग पुढे येतो.

चाचणी, आणि कुठे थांबायचं

पहिला खेळ शिरपूरला लावायचा नाही, जरी सगळ्यांची तीच इच्छा असली तरी. जिथे शूटिंग झालं तिथे लोक स्वतःला बघायला येतात. तो आकडा पुढच्या नऊ गावांबद्दल काहीच सांगत नाही. चाचणी पारोळा किंवा एरंडोलसारख्या त्रयस्थ गावात, दोन दिवस, चार खेळ. पहिल्या दिवसाची गर्दी ओळखीपाळखीची असते, ती सोडून द्या. दुसऱ्या रात्रीचा नऊचा खेळ पहिल्या रात्रीपेक्षा भरलेला असेल तर पुढे जा. पहिल्या तीन गावांची सरासरी १०० च्या खाली राहिली तर थिएटर थांबवा.

प्रसिद्धीचे १२ हजार असे: भोंग्याची रिक्षा चार दिवस, पोलिसांची ध्वनिक्षेपक परवानगी काढून आणि शेजारची बाजाराची गावं धरून, सहा फ्लेक्स, नगरपालिकेची पावती फाडून, बाकी विनोदी नटाच्या छोट्या व्हिडिओंवर, त्या तालुक्यापुरती जाहिरात लावून. रिक्षात अहिराणीतच बोला. ‘आपला पिच्चर शे’ एवढं ऐकून माणूस मान वळवतो. छापील मराठीतल्या ‘सहकुटुंब पाहावा असा’ला वळवत नाही.

भाड्याच्या करारात खेळांची संख्या, वेळ, तारीख आणि ‘दुसरा चित्रपट आला तरी खेळ बदलणार नाही’ हे वाक्य हवं. मालक म्हणेल, आपल्यात कशाला कागद? तरी हवा. टक्केवारीवर असाल तर दारावर प्रतिनिधी उभा करा, पहिल्या आणि शेवटच्या तिकिटाचा क्रमांक टिपा, आणि फाडलेले तुकडे डीसीआरशी जुळवल्याशिवाय सही घेऊ नका. नाट्यगृहात किंवा मंगल कार्यालयात तिकीट लावून खेळ करायचा विचार येतो. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडचा परवाना लागतो, आणि दोन खेळांसाठी ती धावपळ परवडत नाही.

मोबाइलवरची चोरी पहिल्या खेळालाच होते. प्रत्येक थिएटरच्या प्रतीवर वेगळी अदृश्य खूण टाकून घेतली तर कुठून गेलं ते कळतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरून चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड आहे, आणि सेन्सॉर बोर्डाच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करून दुवे काढून घेता येतात. खेळाआधी पडद्यावर हे दहा सेकंद लिहा, अहिराणीत. धाक कायद्याचा कमी, गावात नाव निघण्याचा जास्त.

सुरत आणि भोसरीला थिएटर भाड्याने न घेता मंडळाला ठोक खेळ द्यायचा: १५० तिकिटांची हमी त्यांची, तिकिटामागे २० रुपये त्यांना. सुरतेत यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळीत चालतात, म्हणून वेळ मंडळालाच ठरवू द्या. भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, तेव्हा खेळ गुरुवारीच.

हक्कांची फोड

आता ते ४ लाख. हजार व्ह्यूजमागे २५ रुपये धरले तर ४ लाख फिटायला १ कोटी ६० लाख व्ह्यूज लागतात. अहिराणी गाणं कोटीवर जातं, पावणेदोन तासांचा चित्रपट क्वचितच. मग चॅनलवाला ४ लाख का देतोय? कारण ‘सर्व हक्कां’त गाणी आहेत, तुकडे आहेत, टीव्हीला परत विकायची मोकळीक आहे. त्याच्याकडे त्याच्याच आकडेवारीतला आरपीएम, म्हणजे हजार व्ह्यूजमागचं उत्पन्न, मागा. दाखवला तर बोलणी खरी, नाही तर रक्कम कशाची आहे ते कळलं.

त्याला प्रतिप्रस्ताव असा: फक्त यूट्यूब, तीन वर्षं, थिएटरनंतर १२० दिवसांनी, टीव्हीच्या पहिल्या प्रसारणानंतरच, गाण्यांचा मालक निर्माताच, रक्कम अडीच लाख. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. ‘कायमचे, जगभर, पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसह’ ही ओळ खोडल्याशिवाय सही नाही.

गाण्यांत एक सापळा लपलेला असतो. कानबाईचं पारंपरिक गाणं कुणाच्या मालकीचं नाही, पण ज्या गायिकेने ते चित्रपटात म्हटलं तिने त्याच चालीवरचं ध्वनिमुद्रण आधी एखाद्या म्युझिक कंपनीला दिलेलं असेल, तर ट्रेलर चढवताच कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. ट्रेलरच्या आधी महिनाभर गाणं खासगी दुव्यावर चढवून बघा. गीतकार-संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर निर्मात्याला स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही, हेही करार करणाऱ्या वकिलाला विचारा. त्याला माहीत नसेल तर वकील बदला.

ओटीटी एजंटला दीड लाख द्यायचे नाहीत. आगाऊ फी घेणाऱ्याचा धंदा फीचा असतो, चित्रपटाचा नसतो. टक्केवारीवर काम करणारा शोधा, आणि तोपर्यंत साहित्य तयार ठेवा: संवादाशिवायचा संगीत-ध्वनी ट्रॅक, एसआरटी उपशीर्षकं, मजकूर नसलेलं पोस्टर. यांच्याविना गुणवत्ता तपासणीतच फाइल परत येते. टीव्हीचं बोलणं डीसीआर घेऊन थिएटरनंतर लगेच करावं, आणि तो हक्क एकट्या वाहिनीला देतानाही ओटीटी वेगळा ठेवावा, जरी वाहिनी दोन्ही एकत्र मागणार हे ठरलेलं असलं तरी. रकमेत मोठा फरक असेल तर द्यावा, थोड्यासाठी नाही.

म्हणून क्रम असा लागला: फेब्रुवारीत सेन्सॉर, मार्चअखेर चाचणी, अखाजीच्या आठवड्यापासून चार-चार-दोन अशी दहा गावं, मे महिन्यात सुरत आणि भोसरी, जूनपासून टीव्ही आणि ओटीटीची बोलणी, यूट्यूब पुढच्या वर्षीच्या कानबाईला. मधे सव्वा वर्ष जातं. पैसे आले की वाटपही आधीच लिहून ठेवायचं: आधी प्रदर्शनाचे ५ लाख, मग ज्या कलाकार-तंत्रज्ञांचं मानधन थकलंय ते, मग भागीदारांचे २४ लाख त्यांच्या हिश्शाप्रमाणे. तिघांतला एक म्हणाला, कलाकार आपलेच आहेत, थांबतील. बाकी दोघांनी ती ओळ कागदावर घालूनच सही केली.